परक्या तांड्याची नोंद

मंडळी, या लेखात एका साध्या प्रश्नाचा इतिहास पाहायचा आहे. बाहेरच्या मुलखातून माल भरलेला एक तांडा आपल्या वेशीपाशी येऊन उभा राहिला. त्याचा धनी इथला नव्हे, त्याची बोली इथली नव्हे, गोण्यांवरचे शिक्केही इथले नव्हेत. मग त्याला आत घ्यावे कसे? त्याची नोंद कोणत्या नावावर करावी? आणि नोंद केली, तर तिच्यामुळे तांडेवाल्याला काय मिळावे आणि राजाला काय मिळावे?

हा प्रश्न आज सुटला आहे असे समजू नका. परमुलखात नोकरीधंद्याला राहिलेला एखादा माणूस तिकडून चाकांवरचे घर आणू पाहतो. अशा गाडीला हल्ली ‘कॅरव्हॅन’ म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या गाड्यांच्या पर्यटनासाठी एक धोरणही मंजूर केले. गंमत बघा, हा शब्द मूळचा फारसी ‘कारवान’, म्हणजे तांडा, काफिला. तोच युरोपात जाऊन चाके लावून परत आला! तर ही गाडी आणणाऱ्याला विचारतात : तू कोण, राहतोस कुठे, गाडी बहुतेक काळ उभी कुठे असते, जकात भरल्याचा दाखला कुठे आहे? माणूस वैतागतो. ‘माझीच गाडी, मग एवढी चौकशी कशाला?’ असे म्हणतो. परंतु हे सवाल दोन हजार वर्षांचे आहेत, आणि ते समजून घ्यायला आपल्या जुन्नर तालुक्याइतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही.

नारायणगावला लागून असलेल्या आपल्या वारूळवाडीहून पश्चिमेकडे निघालो की आधी जुन्नर लागते. शिवनेरी डावीकडे ठेवून आणखी सुमारे ३० किलोमीटर गेले की सह्याद्रीची कड येते, आणि तिथे डोंगर फोडून खाली कोकणात उतरणारी फरसबंद वाट दिसते. तोच नाणेघाट. खाली वैशाखरे, मुरबाड, पुढे कल्याणची खाडी. वर जुन्नर, आणि तिथून पुढे सातवाहनांची राजधानी पैठण. समुद्रावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवर घालून देशावर आणायचा, तर ही वाट फार सोयीची. उंच कड्यांच्या भिंतीत असे दार एकच असले की दारावर माणूस बसवणे राजाला सोपे जाते.

घाटाच्या माथ्याजवळ एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक मोठा शिलालेख कोरलेला आहे. तो सातवाहनांची राणी नागनिका हिचा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका यांच्या मूर्ती तिथे होत्या. आज त्यांची पावले तेवढी राहिली आहेत, आणि वर कोरलेली नावे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला. त्यातले आकडे हे आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांपैकी आहेत. गुरुजींनी मुलांना सहलीला नेले, तर हे अंक जरूर दाखवावेत.

गुहेपासून जवळच दगडाचा एक प्रचंड रांजण आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. तांडा आला की त्यात नाणी टाकायची आणि पुढे जायचे, असे सांगतात. कथा मोठी गोड आहे, परंतु इतिहास वाचताना एक सवय लावून घेतली पाहिजे. लोक काय सांगतात आणि दगड काय सांगतो, हे दोन कप्पे वेगळे ठेवायचे. नागनिकेच्या लेखात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी अशा दक्षिणेची यादी आहे. जकातीचा हिशेब त्यात नाही. एवढी दक्षिणा द्यायला राजाकडे पैसा आला कुठून, याचे उत्तर मात्र त्या गुहेसमोरून जाणाऱ्या वाटेकडे पाहिले की बरेचसे उमगते.

मग तांड्याची नोंद होत तरी कशी असेल? त्यासाठी एका ग्रंथाकडे वळू. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ अनेक शतके जवळजवळ हरवल्यासारखे होते. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनी त्याची पोथी अभ्यासून १९०९ साली ते छापले. हा ग्रंथ जुन्नरविषयी लिहिलेला नाही, आणि राज्य कसे चालावे हे तो सांगतो, प्रत्यक्षात कसे चालले ते नव्हे. तरी त्या काळच्या जाणत्या माणसांना नाक्यावर काय घडायला हवे होते, हे त्यातून कळते.

त्यात म्हटले आहे की नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा उभारावी आणि तिच्यावर ध्वज लावावा. तिथे चार-पाच माणसे बसवावीत. तांड्याबरोबर आलेल्या व्यापाऱ्यांची त्यांनी चार गोष्टींत नोंद घ्यावी. व्यापारी कोण, आले कुठून, माल किती, आणि त्यावर ओळखीची मुद्रा कुठे उठवली. बस्स, चारच सवाल. आज परिवहन कार्यालयातला किंवा बंदरावरचा अर्ज काढून बघा, रकाने पुष्कळ असतील, पण कस काढला तर हेच चार उरतील.

यातला चौथा सवाल फार महत्त्वाचा आहे. परदेशी तांडा प्रथम सरहद्दीवर येतो. तिथे अंतपाल नावाचा अधिकारी असे. त्याने परक्या तांड्याचा माल तपासावा, भारी कोणता, हलका कोणता ते पाहावे, त्यावर मुद्रा उठवावी आणि मग पुढच्या शुल्काध्यक्षाकडे पाठवावा. म्हणजे सरहद्दीवर एकदा तपासणी झाली की पुढे गोण्या पुन्हापुन्हा उसवायला नकोत. मुद्रा नसेल तर शुल्क दुप्पट, मुद्रा खोटी निघाली तर आठपट दंड.

अंतपाल वाटेचा करही घेई. मालाच्या गाडीमागे सव्वा पण, घोड्या-खेचरासारख्या एका खुराच्या जनावरामागे एक पण, बैलामागे अर्धा, लहान जनावरामागे पाव, आणि खांद्यावर ओझे घेऊन जाणाऱ्याकडून एक माषक. इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, ‘घेणाऱ्याचे हात काय, तेव्हाही लांबच होते.’ परंतु पुढचे वाक्य ऐका. वाटेत जे हरवेल किंवा चोरीला जाईल, ते अंतपालाने भरून द्यावे, असेही तिथेच सांगितले आहे. या सगळ्या व्यवस्थेचे मर्म इथे आहे. ज्याने नोंद केली, त्याने जबाबदारी उचलली. कर हा नुसता वेशीचा खंड नव्हे, तो राखणीचा मोबदला आहे. पैसे घेऊन ज्याने राखण केली नाही, तो कारभारी कसला? तो वाटमाऱ्याचा भाऊ.

आणखीही शहाणपणाच्या गोष्टी आहेत. परदेशी माल सवलती देऊन आणवावा, नावाड्यांना आणि सार्थवाहांना करात सूट द्यावी, लग्नकार्याच्या सामानावर आणि लेकीबरोबर दिलेल्या चीजवस्तूंवर शुल्क घेऊ नये. याज्ञवल्क्यस्मृती तर त्याहून पुढचा विचार करते. परदेशी गेलेला व्यापारी तिथेच वारला तर त्याचा माल कुणाचा? आधी वारसांचा, मग नातलगांचा, आणि कुणीच आले नाही तरच राजाचा. आता, वारस ओळखायचा कसा? मेलेल्याचे नावगाव कुठेतरी लिहून ठेवलेले असेल, तरच ना!

पण सगळेच गोड नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मुलखात शिरायला किंवा बाहेर पडायला एक माषक देऊन पास घ्यावा लागे. हा पास खोटा निघाला, तर इथल्या माणसाला सर्वांत खालची शिक्षा आणि परदेशी माणसाला सर्वांत वरची, असा नियम त्याच ग्रंथात आहे. गुन्हा एक आणि शिक्षा दोन. परक्याकडे संशयाने पाहण्याची ही खोड जुनी आहे, आणि ती गेली असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

बरे, हे परके खरोखर आपल्याकडे येऊन राहिले होते का? त्याचा पुरावा जुन्नरच्या डोंगरांत आहे. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर कोरीव खोदकामे आहेत. त्यांतल्या तीन लेखांत दाते ‘यवन’ आहेत. यवन हा शब्द मूळ ग्रीकांसाठी, पुढे पश्चिमेकडून आलेल्या परक्यांसाठी वापरला गेला. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, दान दिल्या. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. मानमोडीवर चंद नावाच्या यवनाने लेण्याचे दर्शनी काम करून दिले. आणि अदुथुम नावाच्या शकाने करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी शेताचे उत्पन्न एका श्रेणीकडे ठेव म्हणून सोपवले. श्रेणी म्हणजे धंदेवाईकांची पंचायत, आजच्या सोसायटीसारखी.

ही दाने जरा बारकाईने पाहा. पाणी, जेवणाची जागा, झाडे. ज्याने उन्हातान्हात प्रवास केला आहे, त्यालाच या गोष्टींची किंमत कळते. नाणेघाटातही सोपाऱ्याच्या गोविंददासाने एक पोढी दान दिल्याचा लेख आहे. सोपारा म्हणजे आजचे वसईजवळचे नालासोपारा. तो काही परदेशी नव्हे, पण घाटमाथ्यावर तोही परमुलखातलाच. तहान कुणाला गाव विचारीत नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यातला एक लेख तर शाळेच्या दाखल्यासारखा वाटतो. दात्याचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे नाव धर्मदेव, जात योनक, दिशा उत्तरेची, गाव दात्तामित्री, मुलाचे नाव धर्मरक्षित. इकडे कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची नावे आहेत. नावे बघाल तर बहुतेक आपल्या वळणाची, सिंहध्वज आणि तत्सम. म्हणजे ही माणसे इथे रुळली होती. इथला धर्म त्यांनी घेतला होता आणि लेख इथल्या भाषेत कोरवला होता, पण आपण यवन आहोत हे लपवले नव्हते. नव्या गावात मिसळायचे तर जुने गाव पुसून टाकावे लागते असे नाही, हे त्या खांबांनी जपून ठेवले आहे.

आपली माणसेही बाहेर जातच होती. अरबी समुद्रात सोकोत्रा नावाचे बेट आहे. तिथल्या होक गुहेत इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले सुमारे दोनशे भारतीय लेख सापडले आहेत. त्यांत भरुकच्छ, म्हणजे भडोच, इथल्या माणसांचा उल्लेख येतो. मिसर देशात नाईल नदीकाठी कोप्टोस गावी इसवी सन ९० मधला एक दगडी दरफलक मिळाला. तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे जाणाऱ्या वाळवंटी वाटेवर कुणाकडून किती घ्यायचे, ते त्यावर कोरलेले आहे. उंटाच्या पासाचे वेगळे, पासावर शिक्का मारण्याचे वेगळे, आणि छपराच्या गाडीचे चार द्राख्मा! भारतातून गेलेला माल तिथून पुढे अलेक्झांड्रियाच्या सरकारी वखारीत मोहोरबंद राही, आणि त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी जकात भरावी लागे. इकडचा अंतपाल आणि तिकडचा नाकेदार यांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नसेल, पण दोघांच्या वहीचे रकाने एकच होते.

आता नोंदवहीचे दुसरे रूप बघू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने आपल्या समुद्राची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात कल्याणविषयी लिहिले आहे की पूर्वी हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, पण पुढे राज्यकर्ता बदलला, व्यापाराला अडथळे आले, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. शक आणि सातवाहन यांच्या झगड्याशी अभ्यासक हे जोडतात. तुम्ही व्यापाऱ्याच्या जागी उभे राहून विचार करा. माल तोच, जहाज तेच, खाडीही तीच. पण कालपर्यंत चालणारा शिक्का आज चालत नाही. कल्याणला माल उतरला नाही, म्हणजे नाणेघाटातून बैल चढले नाहीत, जुन्नरच्या पेठेत गिऱ्हाईक आले नाही. दोन राजांच्या भांडणात घाटातला हमाल उपाशी राहिला. त्याचे नाव मात्र कुठल्याच दगडावर नाही.

शिक्के बदलण्याचा एक ढळढळीत पुरावाही आहे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ साली शक क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या सुमारे ९,००० वर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे. चांदी तीच, नोंद नवी! आणि याच नहपानाचा अमात्य अयम याने मानमोडीवर मंडप आणि पोढी दान दिल्याचा लेख आहे. म्हणजे आपल्या जुन्नरनेही हे धनी बदलताना पाहिले.

पुढल्या काळात या वाटांवर लमाणांचे तांडे चालले. मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या घेऊन शेकडो बैल घाट चढत. मग आगगाडी आली. १८६३ साली ती बोरघाट चढली, १८६५ साली थळघाट. माल लोखंडी रुळांनी जाऊ लागला आणि नाणेघाट हळूहळू निजला. मोटारी आल्यावर त्यांच्या नोंदीसाठी १९१४, १९३९ आणि १९८८ असे कायदे झाले. १९८८ च्या कायद्यात तत्त्व असे की मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी बहुधा जिथे ठेवली जाते, तिथली नोंद करावी. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात ती करण्याची मुभा दिली. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली, तर तिला इथला क्रमांक घ्यावा लागतो.

परदेशात राहणाऱ्याची अडचण नेमकी इथे येते. त्याचा पत्ता एकीकडे, गाडी दुसरीकडे. फिरायला आलेल्या परदेशी माणसासाठी जगाने एक तोड काढली आहे. ‘कार्ने’ नावाची एक पुस्तिका असते. गाडी देशात शिरताना तिच्या पानावर शिक्का मारतात, बाहेर पडताना दुसरा. मुदतीत गाडी बाहेर गेली नाही, तर जकातीची रक्कम हमी देणारी मोटारसंस्था भरते. म्हणजे काय? तर परक्याला कुणीतरी जामीन हवा. आणि गाडी कायमची इथे ठेवायची असेल, तर जकात भरल्याचा दाखला दाखवून इथला क्रमांक घ्यावा. कौटिल्याचा अंतपाल आज उठून आला, तर त्याला हे काम शिकवावे लागणार नाही.

आपल्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरायला परराज्यांतले ट्रक येतात, त्यांचीही कथा हीच. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यांच्या सीमांवरचे करवसुलीचे नाके उठले. २०१८ पासून ट्रकवाल्याबरोबर ई-वे बिल असते. त्यावर माल कुणाचा, कुठून कुठे, किती, आणि गाडी कोणती, हे असते. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांच्या बागांचीही नोंद करावी लागते, म्हणजे तिकडे पेटीत काही दोष सापडला तर तो थेट बागेपर्यंत शोधता येतो. वाचा आणि तुम्हीच सांगा, चार सवालांपैकी कोणता गळला?

मंडळी, मालाची आणि गाडीची नोंद आपण इतकी नीट करायला शिकलो. माणसाची करतो का? हंगामात आपल्या भागात ऊस तोडायला, कांदा काढायला दूरदूरची कुटुंबे येतात. त्यांच्या बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला क्रमांक असतो, तोडलेल्या उसाची पावती असते. पण त्यांच्याबरोबर आलेल्या आठ-दहा वर्षांच्या पोराचे नाव कुठल्या वहीत असते? गावाकडच्या शाळेत ते गैरहजर, आणि इथल्या शाळेत ते आलेलेच नाही. तांडा नोंदला गेला, मूल राहून गेले.

गुरुजी, हे काम तुमच्या हातचे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने स्पष्ट सांगितले आहे की आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही की लांबवता येत नाही. तेव्हा फडावरचे पोर शाळेच्या दारात आले, तर ‘दाखला आण, मग बघू’ असे म्हणू नका. आधी आत घ्या, बसवा, मग नाव, बापाचे नाव, गाव लिहून घ्या, आणि त्याच्या गावच्या गुरुजींना एक कार्ड टाका किंवा फोन करा. आणि मंडळी, तुम्हीही आपल्या शेतावर कामाला आलेल्या कुटुंबाला विचारा, पोरे शाळेत जातात की नाही. शाळा कुठे ते त्यांना ठाऊक नसते, वाट दाखवायला कुणीतरी लागते.

इरिल यवनाने शिवनेरीवर पाण्याची टाकी खोदून दिली, त्याला आता दोन हजार वर्षे होत आली. तो कुठून आला होता, याविषयी पंडितांत अजून वाद चालतात. पण तो इथे राहिला आणि इथल्यांसाठी पाण्याची सोय करून गेला, याविषयी वाद नाही, कारण त्या वेळी कुणीतरी छिन्नी हातात घेऊन त्याचे नाव लिहून ठेवले. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर या हंगामात जी नवी नावे चढतील, त्यांतल्या एखाद्याच्या हातून पुढे काय घडेल, ते आज कुणी सांगावे? आपण नाव तेवढे लिहून घेऊ या.